रूटवर चालणाऱ्या सर्व्हिसेसविषयी : माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,

राज्य शासन, महापालिका, नगरपरिषदा, जिल्हा परिषदा यांच्या संगणक प्रणालींसाठी निघणाऱ्या प्रत्येक निविदेत एक अट घालावी, एवढी एकच मागणी घेऊन हे पत्र लिहितो आहे. अट अशी, की नेटवर्कवर सेवा देणारा कोणताही प्रोग्राम सर्व्हरच्या मुख्य प्रशासक खात्यावर चालणार नाही. प्रत्येक प्रोग्रामला स्वतःचे, मर्यादित अधिकारांचे खाते असेल. त्यासाठी नवे यंत्र घ्यावे लागत नाही, नवा परवाना विकत घ्यावा लागत नाही. बसवणाऱ्याने बसवतानाच थोडी जास्त मेहनत घ्यायची असते. ती मेहनत आज घेतली जात नाही, कारण ती कोणी मागत नाही. सर्व्हर बसवणे आणि सांभाळणे हेच माझे काम आहे, आणि त्यातले बरेचसे काम सरकारी व निमसरकारी कार्यालयांतले असल्यामुळे हे मी जवळून पाहतो.

नागरिक घरबसल्या घरपट्टी भरतो किंवा दाखल्यासाठी अर्ज करतो, तेव्हा पलीकडे सर्व्हरवर काही प्रोग्राम पार्श्वभूमीला रात्रंदिवस चालू असतात. एक वेबपाने पाठवतो, दुसरा अर्जाचे काम करतो, तिसरा डेटाबेस सांभाळतो. मशीन चालू झाली की ते आपोआप उठतात आणि ठरलेल्या पोर्टवर विनंतीची वाट पाहत बसतात. आमच्या धंद्यात त्यांना सर्व्हिस म्हणतात. लिनक्सवर असा प्रत्येक प्रोग्राम कोणत्या ना कोणत्या खात्याच्या नावावर चालतो, आणि त्या खात्याला जे जे करता येते ते ते त्या प्रोग्रामला करता येते. या खात्यांत शून्य क्रमांकाचे एक खाते असते, त्याचे नाव रूट. रूटला कोणतीही फाइल वाचता येते, बदलता येते, पुसता येते. कोणाचाही पासवर्ड बदलता येतो. आपण केलेल्या कामाच्या नोंदीही मिटवता येतात. विंडोजवर हाच दर्जा लोकल सिस्टिम या खात्याला आहे.

तुमच्या विभागाला ही गोष्ट मुळीच परकी नाही. मंत्रालयात आवक टपाल घेणारा लिपिक दारात बसतो, बाहेरून येणारा प्रत्येक कागद त्याच्या हातून जातो, पण कोषागारातून पैसे काढण्याचा अधिकार त्याला नसतो. तो अप्रामाणिक आहे असे कोणी म्हणत नाही. ज्या जागेवर कोणीही येऊ शकतो तिथे मोठा अधिकार ठेवायचा नाही, एवढेच त्यामागचे शहाणपण. सर्व्हरवरची वेब सर्व्हिस ही नेमकी तशी दारातली जागा आहे. जगातला कोणीही तिला काहीही पाठवू शकतो. आणि त्याच जागेवर आपण सगळे अधिकार एकवटून ठेवतो.

असे होते कसे, ते एका कार्यालयात मी समोर पाहिले. कार्यालयाचे नाव सांगत नाही, कारण अशी अनेक आहेत. जुन्या सर्व्हरवरची प्रणाली नव्यावर न्यायची होती. हलवण्याआधी काय काय चालू आहे ते पाहायला चालू प्रोग्रामांची यादी काढली. पहिल्या रकान्यात प्रत्येकाच्या मालकाचे नाव येते. डेटाबेस त्याच्या स्वतःच्या खात्यावर होता, वेळ जुळवणारी सर्व्हिस तिच्या खात्यावर होती, लिनक्सबरोबर आलेल्या बहुतेक गोष्टी जागच्या जागी होत्या. नागरिकांसाठी खुला असलेला, जावात लिहिलेला मुख्य प्रोग्राम तेवढा रूटवर होता. प्रणाली बसवणाऱ्या एजन्सीचा तरुण इंजिनिअर शेजारीच होता. त्याला विचारले, हे रूटवर का?

"सर, आधी साध्या युजरवरच होतं. पण पोर्ट ऐंशी मिळेना. मग अपलोडला परमिशन डिनाइड यायला लागलं. साहेब म्हणाले संध्याकाळपर्यंत लाइव्ह पाहिजे. रूटनं चालू केलं, सगळं चाललं."

"आणि अपलोडच्या फोल्डरला?"

"सातशे सत्त्याहत्तर."

म्हणजे त्या मशीनवरच्या कोणालाही त्या फोल्डरमध्ये काहीही लिहिण्याची मुभा. हा मुलगा हुशार होता, कामसू होता. त्याने सांगितलेली दोन्ही कारणे खरी होती, आणि दोन्हींवर नीट उपाय होता. तो त्याला कोणी शिकवला नव्हता आणि करारात कोणी मागितला नव्हता. संध्याकाळपुरते म्हणून केलेले ते काम मी पाहिले तेव्हा कित्येक महिने तसेच चालू होते.

वेबसाठी ठरलेल्या पोर्ट ८० ची अडचण जुनी आहे. बर्कलेच्या युनिक्सपासून १०२४ च्या खालचे पोर्ट फक्त रूटला उघडता येतात असा नियम चालत आला. त्या काळी नेटवर्कवर मोजक्या संस्थांची मोठी यंत्रे होती आणि कमी क्रमांकाच्या पोर्टवरून येणारा माणूस त्या यंत्राचा जबाबदार व्यवस्थापकच असणार, असे गृहीत होते. ते गृहीत केव्हाच मोडले, नियम राहिला. आणि ज्या नियमाने विश्वास राखायचा त्याच नियमामुळे लोक आपल्या सर्व्हिसेस रूटवर चालवू लागले. पण यातून बाहेर पडण्याचे मार्गही जुनेच आहेत. जानेवारी १९९९ मध्ये आलेल्या लिनक्स कर्नल २.२ पासून रूटचे अधिकार तुकड्यातुकड्यांनी देण्याची सोय आहे. खालचे पोर्ट उघडण्याचा तेवढा एक तुकडा एखाद्या साध्या खात्याला देता येतो, बाकी काही न देता. आज सर्व्हिसेस चालू-बंद करणाऱ्या सिस्टिमडीच्या सर्व्हिस फाइलमध्ये त्यासाठी एक ओळ पुरते. नाहीतर पुढे एनजिनएक्ससारखा वेब सर्व्हर ठेवावा आणि मागचा प्रोग्राम ८०८० वर साध्या खात्याने चालवावा. अपाचे आणि एनजिनएक्स हे स्वतः असेच वागतात. मुख्य प्रोसेस रूटने सुरू होते, पोर्ट उघडते आणि लोकांच्या विनंत्या हाताळणाऱ्या प्रोसेस वेगळ्या, दुबळ्या खात्यावर सोपवते.

त्या कार्यालयात आम्ही काय केले तेही सांगतो, म्हणजे किती कष्ट पडतात याचा अंदाज येईल. त्या प्रोग्रामसाठी एक खाते काढले, ज्यावरून कोणाला लॉगिन करता येत नाही. प्रोग्राम चालता चालता कुठे कुठे लिहितो ते पाहिले. अपलोड, लॉग आणि तात्पुरत्या फायलींचा फोल्डर, एवढ्याच जागा निघाल्या. त्या त्याच्या मालकीच्या केल्या. प्रोग्रामच्या स्वतःच्या फायली मात्र मुद्दाम रूटच्याच मालकीच्या ठेवल्या आणि सर्व्हिसच्या खात्याला फक्त वाचण्याची परवानगी दिली. ही गोष्ट फार जण विसरतात. सर्व्हिसला जर आपलाच कोड बदलता आला, तर आत शिरलेला माणूस त्यात आपले चार शब्द लिहून ठेवतो आणि सर्व्हर कितीही वेळा बंद-चालू केला तरी तो परत येतो. मग सर्व्हिस फाइलमध्ये खात्याचे नाव, नवे अधिकार मिळवण्यास मनाई, सिस्टिमच्या फोल्डरांत लिहिण्यास मनाई, अशा ओळी घातल्या. अपलोडचे ७७७ काढले. एवढ्यासाठी प्रणाली तासभरही बंद ठेवावी लागली नाही.

आता रूटवर चालवल्याने बिघडते काय, हे एका उदाहरणाने सांगतो, कारण "धोका असतो" एवढे म्हणून कोणाचेच समाधान होत नाही. रेडिस नावाचा एक लोकप्रिय डेटाबेस आहे. वेबसाइट वेगवान करण्यासाठी तो सर्रास वापरतात. तो विश्वासातल्या नेटवर्कमध्ये वापरायचा म्हणून बनवला होता आणि पूर्वी बसवल्यावर लगेच पासवर्ड मागत नसे. अनेकांनी तो तसाच इंटरनेटवर उघडा ठेवला. रेडिसचे निर्माते साल्वातोरे सान्फिलिप्पो यांनी २०१५ मध्ये, अशा उघड्या रेडिसमधून सर्व्हरवर कसे शिरता येते ते स्वतःच जाहीरपणे दाखवले. त्यात कोडमधली चूक शोधायची गरजच नाही. रेडिसला आपला साठा कोणत्या फोल्डरमध्ये, कोणत्या नावाने जतन करायचा हे चालू असताना सांगता येते. हल्लेखोर आपली एसएसएच किल्ली, म्हणजे पासवर्डऐवजी लॉगिनला चालणारी खूण, एक साधा मजकूर म्हणून साठवतो, फोल्डर म्हणून रूटचा एसएसएच फोल्डर सांगतो, फाइलचे नाव म्हणून परवानगी असलेल्या किल्ल्यांच्या फाइलचे नाव देतो, आणि जतन कर म्हणतो. रेडिस निमूटपणे जतन करतो. पुढच्या मिनिटाला हल्लेखोर पासवर्डशिवाय रूट म्हणून आत.

हाच रेडिस त्याच्या स्वतःच्या साध्या खात्यावर चालत असेल, तर फोल्डर बदलण्याच्या पायरीलाच कर्नल नकार देते, कारण रूटच्या फोल्डरमध्ये पाऊल टाकण्याची त्या खात्याला परवानगी नसते. रेडिस उघडा ठेवण्याची चूक तशीच राहिली, त्यातला साठा हल्लेखोराच्या हाती लागलाच. पण सर्व्हर गेला नाही, शेजारचा बॅकअप गेला नाही, त्या सर्व्हरवरून आतल्या नेटवर्कमध्ये शिरायला पायरी मिळाली नाही. एक चूक एका चुकीएवढीच राहिली.

हा धडा जगाने बराच महागात घेतला आहे. डोमेन नावांचे पत्ते सांगणाऱ्या बाइंड या सर्व्हरमधली एक चूक जानेवारी २००१ मध्ये उघड झाली आणि मार्चमध्ये लायन नावाचा वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा प्रोग्राम, तिच्यामधून लिनक्स सर्व्हरांमध्ये पसरला. तेव्हा बाइंड रूटवर चालवण्याचीच सवय होती, म्हणून बाइंडमधली चूक म्हणजे अख्खी मशीन गेली, असा हिशेब झाला. त्याच वर्षी १९ जुलैला कोड रेड वर्मने १४ तासांच्या आत ३,५९,००० हून अधिक विंडोज मशीन गाठल्या. मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरचा जो भाग फुटला तो लोकल सिस्टिमवर चालत होता. पुढे विंडोज सर्व्हर २००३ आले तेव्हा वेबच्या विनंत्या हाताळणारी प्रोसेस नेटवर्क सर्व्हिस या कमी अधिकारांच्या खात्यावर आणलेली होती. ईमेलच्या जगात सेंडमेल वर्षानुवर्षे रूटच्या अधिकाराने चालला आणि एकामागून एक चुका सापडत गेल्या. मग डॅनियल बर्नस्टाइन यांनी क्यूमेल लिहिला आणि एका मेल सर्व्हरचे काम अनेक छोट्या प्रोग्रामांत व वेगवेगळ्या खात्यांत वाटून टाकले. वीत्से वेनेमा यांचा पोस्टफिक्स १९९८ मध्ये त्याच वाटेने आला. अखेर २००१ मध्ये सेंडमेलनेही, मेल पाठवू पाहणाऱ्या प्रत्येकासाठी आपला प्रोग्राम रूटच्या अधिकाराने उठवण्याची पद्धत सोडली.

या सगळ्यात ओपनएसएसएच या प्रोग्रामचे उदाहरण मला सगळ्यात मोलाचे वाटते, कारण तो लिहिणाऱ्यांपुढची अडचण खरोखर अवघड होती. दूरवरून सर्व्हरवर लॉगिन करायचे ते याच प्रोग्राममधून, तेव्हा कोणत्याही वापरकर्त्याच्या नावाने सत्र सुरू करायला त्याला रूटचा अधिकार लागतोच. आणि पासवर्ड तपासून होण्याआधी अनोळखी माणसाने पाठवलेला प्रत्येक बाइट त्यालाच वाचावा लागतो. नील्स प्रोव्होस आणि मार्कुस फ्रीडल यांनी प्रोग्रामचे दोन भाग केले. अनोळखी माणसाशी बोलणारा मोठा भाग अधिकार नसलेल्या खात्यावर, एका रिकाम्या डिरेक्टरीत बंदिस्त. रूट असलेला भाग अगदी छोटा, आणि तो फक्त ठरलेल्या काही प्रश्नांचीच उत्तरे देतो: हा पासवर्ड बरोबर आहे का, या किल्लीला परवानगी आहे का. जून २००२ मध्ये ओपनएसएसएचमध्ये एक गंभीर चूक सापडली. तिचा तपशील उघड होण्याआधीच ओपनएसएसएच प्रकल्पाचे थिओ द राट यांनी सगळ्यांना सांगितले, की लगेच ३.३ ही आवृत्ती घ्या आणि ही विभागणी चालू ठेवा. चूक त्या आवृत्तीत अजून दुरुस्त झालेली नव्हती. तरीही ती घ्या म्हणण्याइतका भरवसा त्या रचनेवर होता.

उलट बाजूचे उदाहरण फार जुने नाही. जून २०१९ मध्ये एक्झिम या मेल सर्व्हरमध्ये क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी शोधलेली चूक जाहीर झाली. नीट रचलेला ईमेल-पत्ता पाठवला की पलीकडे हवी ती आज्ञा चालवता येत होती, तीही थेट रूट म्हणून, कारण पत्रे पोचवणारा तो भाग रूटच्या अधिकाराने काम करत होता. कमी अधिकार देण्याच्या पद्धतीचे तत्त्व जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवले होते: प्रत्येक प्रोग्रामला कामापुरतेच अधिकार द्यावेत. त्याला आता ५० वर्षे झाली.

आणि ही पद्धत आपण सगळे रोज खिशात घेऊन फिरतो. अँड्रॉइड फोनमधल्या प्रत्येक ॲपला लिनक्सचे वेगळे खाते मिळते, २००८ च्या पहिल्या फोनपासून. एका ॲपला दुसऱ्याचा साठा उघडता येत नाही, ते यामुळेच. गावातल्या शेतकऱ्याच्या सात-आठ हजारांच्या फोनमध्ये जी शिस्त आहे, ती त्याच्या जमिनीचे, कराचे, कुटुंबाचे तपशील ठेवणाऱ्या सर्व्हरवर नसावी, हे मला पटत नाही. काही प्रोग्राम तर स्वतःच ही शिस्त पाळायला लावतात. पोस्टग्रेस डेटाबेस रूटवर सुरू करून पाहा. तो सुरू होत नाही, परवानगी नाही असे सांगून थांबतो. त्या कार्यालयातल्या सर्व्हरवर डेटाबेस आपल्या खात्यावर होता, त्याचे श्रेय बसवणाऱ्याला जात नाही, डेटाबेस लिहिणाऱ्यांना जाते.

या उपायाच्या मर्यादाही तुमच्यापुढे ठेवायला हव्यात, नाहीतर उद्या कोणी सल्लागार त्याच पुढे करून हा विषय बाजूला सारील. ज्यांनी क्यूमेल इतक्या खात्यांत वाटला त्या बर्नस्टाइन यांनीच २००७ मध्ये, क्यूमेल १.० च्या दहा वर्षांकडे मागे वळून पाहताना लिहिले, की अधिकार कमी करत बसण्याच्या नादात खरे काम मागे पडते. चुकाच कमी कराव्यात आणि ज्या कोडवर विसंबावे लागते तो छोटा करावा. त्यांचे म्हणणे वजनदार आहे. नागरिकांची माहिती वाचण्याची परवानगी वेब सर्व्हिसला असावीच लागते. ती सर्व्हिस फुटली तर साध्या खात्यावर असली तरी तेवढी माहिती गेलीच. साध्या खात्यावरून रूटपर्यंत पोचण्याच्या वाटाही अधूनमधून सापडतात. जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झालेली पीकेएक्झेकमधली चूक त्या प्रोग्रामच्या २००९ च्या पहिल्या आवृत्तीपासून तिथे होती. म्हणून सर्व्हर वेळच्या वेळी अद्ययावत ठेवण्याचे काम या अटीने टळत नाही.

पण बर्नस्टाइन यांच्यासारखा काटेकोर कोड लिहिणारे जगात थोडे. आपल्या निविदांतून येणारे सॉफ्टवेअर मुदतीत उरकलेले असते, त्यात दहा ठिकाणचे तयार तुकडे जोडलेले असतात, आणि त्यात चुका नसतील अशी हमी कोणीच देत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या लॉग लिहिणाऱ्या तुकड्यातली चूक बाहेर आली तेव्हा, आपल्या प्रणालीत तो तुकडा आहे हेच अनेकांना ठाऊक नव्हते. अशा चुका आधी ओळखणे आपल्या हातात नसते. त्या प्रोग्रामला कोणते खाते द्यायचे, हे मात्र आधीच आपल्या हातात असते.

यात घसरण्याच्या जागाही आहेत, म्हणून अट नेमकी हवी. पुष्कळ जण सगळ्या सर्व्हिसेस नोबडी या एकाच खात्यावर टाकून मोकळे होतात. मग एक सर्व्हिस फुटली की त्याच खात्यावरच्या बाकीच्यांमध्येही हात घालता येतो. म्हणून प्रत्येकीला वेगळे खाते. प्रोग्रामला वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या कंटेनरचेही तसेच. डॉकरमध्ये टाकले म्हणजे झाले असे एजन्सी सांगते, पण वेगळे सांगितले नाही तर कंटेनरच्या आतला प्रोग्राम रूटच असतो, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर झालेल्या, कंटेनर चालवणाऱ्या रनसीमधल्या चुकीने अशाच आतल्या रूटला बाहेरच्या यंत्राचा ताबा घेता येत होता. तिसरी जागा सगळ्यात फसवी आहे: अधिकार सोडले आहेत असे वाटते आणि ते सुटलेले नसतात. जून २००० मध्ये असे आढळले, की लिनक्स कर्नलच्या एका दोषामुळे सेंडमेल रूटचे अधिकार सोडू पाहत होता, कर्नल काम झाल्याचे कळवत होते, आणि अधिकार पुरते सुटतच नव्हते. २०१७ मध्ये सिस्टिमडीत दिसले, की सर्व्हिस फाइलमधल्या खात्याचे नाव अंकाने सुरू होत असेल तर ते चुकीचे समजून ती ओळच सोडून दिली जात होती आणि सर्व्हिस रूटवर चालू होत होती. म्हणून तपासणी कागदावर किंवा सर्व्हिस फाइलवर करून भागत नाही. चालू प्रोसेसांची यादी काढून मालकाचा रकाना वाचावा लागतो.

आज सरकारी वेबसाइट होस्ट होण्याआधी सर्ट-इन या केंद्रीय सायबर यंत्रणेच्या यादीवरील संस्थेकडून सुरक्षा तपासणी होते. ती हवीच. पण बाहेरून वेबपानांवर केलेल्या चाचणीत मागची प्रोसेस कोणाच्या नावावर चालते ते दिसत नाही. ते सर्व्हरवर आत जाऊनच पाहावे लागते. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. हल्लेखोर रूट झाला असेल तर त्या सर्व्हरवरच्या लॉगवर विसंबताच येत नाही, कारण तो ते बदलू शकतो. मग सहा तासांत कळवायचे तरी काय? डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये वाजवी सुरक्षा उपाय न योजल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे. ५० वर्षे माहीत असलेला, फुकट उपलब्ध असलेला उपाय वाजवी ठरणार नसेल, तर मग कोणता ठरेल?

निविदेसाठी मी पुढील मसुदा सुचवतो. विधी विभागाने त्याची भाषा हवी तशी घासूनपुसून घ्यावी.

"प्रणालीतील नेटवर्कवर सेवा देणारी प्रत्येक सर्व्हिस स्वतंत्र, लॉगिनची सोय नसलेल्या व कामापुरतेच अधिकार असलेल्या खात्यावर चालेल. सर्व्हिसच्या खात्याला तिचा स्वतःचा कोड व मांडणीच्या फायली बदलता येणार नाहीत. एखादी सर्व्हिस रूट अथवा प्रशासक खात्यावर चालवणे अपरिहार्य असल्यास कंत्राटदार त्याचे कारण लेखी देईल व सक्षम प्राधिकाऱ्याची मान्यता घेईल. प्रणाली हस्तांतरित करताना चालू प्रोसेस, त्यांची खाती व त्यांनी उघडलेले पोर्ट यांची यादी कार्यालयाच्या प्रतिनिधीसमोर काढून, दोघांच्या स्वाक्षरीने अभिलेखात ठेवली जाईल."

अपवादाची वाट मी मुद्दाम ठेवली आहे. काही जुन्या प्रणालींना खरोखरच रूट लागतो आणि त्या एका रात्रीत बदलता येणार नाहीत. पण कारण कागदावर आले, त्याखाली कोणाची तरी सही आली, की ती सर्व्हिस कोणती, ती कुठे आहे आणि तिच्याकडे लक्ष कोणी ठेवायचे, हे निदान ठरते. आज ते कोणालाच ठाऊक नसते. शेवटचे वाक्य मला या मसुद्यात सगळ्यात महत्त्वाचे वाटते. देयक मंजूर होण्याआधी ही यादी काढावी लागेल हे माहीत असले, तर त्या तरुण इंजिनिअरला त्याचे साहेब संध्याकाळपर्यंत रूटवर चालव असे सांगणार नाहीत.

जुन्या प्रणालींसाठी निविदेची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक जिल्ह्यातून, प्रत्येक महापालिकेतून आपल्या ताब्यातल्या सर्व्हरांवरची हीच यादी मागवावी. ती काढायला एक आज्ञा लागते. यादी मागवण्यामागे कोणाला पकडण्याचा हेतू नाही हे पत्रातच स्पष्ट लिहावे, नाहीतर आदल्या दिवशी खाती बदलून, दुसऱ्या दिवशी सर्व्हिसेस परत रूटवर आणल्या जातील. आणि यादी कशी वाचायची, खाते कसे काढायचे, फोल्डरांची परवानगी कशी ठरवायची, हे जिल्हा पातळीवरच्या तांत्रिक कर्मचाऱ्यांना हाताला धरून शिकवावे लागेल. ते शिकवायला माझ्यासारखे सर्व्हर सांभाळणारे या राज्यात पुष्कळ आहेत. बोलावले तर मी येईन, मानधनाशिवाय येईन.

आपला नम्र,
एक सर्व्हर व्यवस्थापक
नाशिक